1871 मध्ये 1914 ठरलं नव्हतं

पहिल्या महायुद्धाबद्दलचा एक मजकूर सध्या खूप फिरतोय. त्याचा सारांश असा: प्रशिया या सर्वात बलाढ्य जर्मन राज्याचा पंतप्रधान बिस्मार्क याने 'रक्त आणि लोखंडा'च्या जोरावर विखुरलेले जर्मन एकत्र आणले, 1871 मध्ये युरोपच्या मध्यावर बलाढ्य सत्ता उभी राहिली आणि त्याच दिवशी महायुद्ध अटळ झालं. पुढे इंग्लंडशी आरमारी चढाओढ लागली, करारांची साखळी तयार झाली, साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी सुटली आणि सगळे देश एकामागोमाग ओढले गेले. दोष कुणाचाच नाही.

हे शेवटचं वाक्य मला मान्य नाही. याच युद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) उतरली आणि 1916 मध्ये कुतला शरण गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. 'दोष कुणाचाच नाही' हे आपण इतक्या सहज का पुढे पाठवावं?

आधी 'रक्त आणि लोखंड'. ते भाषण 30 सप्टेंबर 1862 चं, प्रशियाच्या विधिमंडळाच्या अंदाजपत्रक समितीपुढचं. वाद लष्करी खर्चाचा होता आणि उदारमतवादी सदस्य तो मंजूर करत नव्हते. एकीकरणाची सुरुवात त्याच्या कितीतरी आधीची. ऑस्ट्रियाला बाहेर ठेवून प्रशियाने 1834 मध्येच जर्मन राज्यांचा जकात संघ उभा केला होता. 1849 मध्ये फ्रांकफुर्टच्या संसदेने राज्यघटना करून प्रशियाच्या राजाला मुकुट देऊ केला, पण लोकप्रतिनिधींच्या हातून मुकुट नको म्हणून त्याने तो नाकारला. एक जर्मनी हवी, हे बिस्मार्कने कुणाला शिकवलं नाही. ती कुणाच्या हाताखाली असावी, एवढाच प्रश्न त्याने तलवारीने सोडवला.

आणि 'जर्मन एकत्र आणले' म्हणजे नेमकं काय? 1866 मध्ये बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेंबर्ग आणि हॅनोव्हर ऑस्ट्रियाच्या बाजूने प्रशियाविरुद्ध लढले. प्रशियाने हॅनोव्हर गिळलं, तिथल्या राजाची संपत्ती जप्त केली आणि त्याच निधीतून पुढे बव्हेरियाच्या लुडविग दुसऱ्याला गुपचूप पैसे दिले. प्रशियाच्या राजाने सम्राट व्हावं अशी विनंती करणारं लुडविगचं 1870 चं पत्रही बिस्मार्कच्याच मसुद्यावरून लिहिलेलं. 18 जानेवारी 1871 ला व्हर्सायच्या आरसेमहालात जाहीर झालेल्या साम्राज्यात 25 राज्यं होती, ऑस्ट्रियातले जर्मन बाहेर होते आणि पोझन प्रांतातले पोलिश लोक आत. जर्मन राष्ट्र एकजीव होऊन युरोपवर चाल करायला निघालं होतं, हे चित्र या तपशिलांसमोर टिकत नाही.

'त्याच दिवशी युद्ध अटळ झालं' हा दावा तर तारखाच खोडून काढतात. 1871 नंतर 43 वर्षं जर्मनीने युरोपात एकही युद्ध लढलं नाही. (आफ्रिकेत मात्र हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, तो विसरू नये.) 1871 मध्ये जर्मनीने आल्सास-लोरेन हा प्रदेश हिसकावल्याचा फ्रान्सचा राग खरा होता, तेवढं मी मान्य करतो. पण फ्रान्स एकटा असेपर्यंत त्या रागातून युद्ध निघत नव्हतं, आणि त्याला एकटं ठेवणं हेच बिस्मार्कचं धोरण होतं. त्यासाठी 1887 मध्ये त्याने रशियाशी गुप्त करार केला. 1890 मध्ये बिस्मार्क पायउतार झाला आणि रशियाला करार पुढे चालू ठेवायचा असतानाही बर्लिनने तो संपू दिला. 1894 पर्यंत रशिया आणि फ्रान्स एकमेकांचे मित्र झाले होते. हे 1871 चं फळ नाही. ही 1890 च्या नव्या राज्यकर्त्यांची चूक आहे.

आरमारी चढाओढीने वैर वाढवलं, यात शंका नाही. पण 1913 पर्यंत जर्मनीचा भर पुन्हा पायदळाकडे वळला होता. जून 1914 मध्ये बगदाद रेल्वेबद्दल ब्रिटनशी समझोत्याचा मसुदाही ठरला. साराजेव्होची बातमी आली तेव्हा ब्रिटिश युद्धनौका जर्मनीतल्या कीलच्या बंदरात पाहुण्या म्हणून उभ्या होत्या.

करारांची साखळी? इटली जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा करारबद्ध मित्र होता, तरी तटस्थ राहिला आणि 1915 मध्ये उलट बाजूने उतरला. रुमानियाचाही त्यांच्याशी करार होता, तोही 1914 मध्ये बाजूला राहिला. 1912-13 च्या बाल्कन युद्धांच्या वेळी हेच करार होते, पण तेव्हा बर्लिनने व्हिएन्नाला, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारला, आवरलं आणि मोठं युद्ध टळलं. ज्या ऑस्ट्रियासाठी जर्मनीने 1 ऑगस्टला रशियाशी युद्ध पुकारलं, त्या ऑस्ट्रियाने स्वतः रशियाशी युद्ध पुकारलं 6 ऑगस्टला!

1914 मध्ये वेगळं काय घडलं, तर आवरणाऱ्यांनीच हात वर केले. 5 जुलैला पॉट्सडॅममध्ये जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म याने ऑस्ट्रियाच्या राजदूताला बिनशर्त पाठिंब्याचा शब्द दिला. 23 जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला 48 तासांची निर्वाणीची मुदत दिली. सर्बियाचं उत्तर कैसरने 28 जुलैच्या सकाळी वाचलं आणि आता युद्धाचं कारणच उरलं नाही, असा शेरा मारला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं. 1 ऑगस्टला, ब्रिटन कदाचित बाजूला राहील अशी तार लंडनहून आली, तेव्हा कैसरने सगळं सैन्य पूर्वेकडे वळवायला सांगितलं. सेनाप्रमुख मोल्टकेने ते अशक्य असल्याचं उत्तर दिलं, कारण फक्त पूर्वेकडच्या चढाईची योजना लष्कराने 1913 मध्येच सोडून दिली होती. तो निर्णयही बर्लिनच्या कचेरीत बसलेल्या माणसांचाच.

सगळं खापर जर्मनीवर फोडा, असं माझं म्हणणं नाही. व्हिएन्नाला सर्बियाशी युद्ध हवंच होतं. रशियाच्या झारने 29 जुलैला सर्वंकष लष्करी जमवाजमवीचा हुकूम दिला, कैसरची तार आल्यावर त्याच रात्री तो मागे घेतला आणि मंत्री-सेनापतींच्या आग्रहावरून 30 जुलैला दुपारी पुन्हा दिला.