‘सायनस सगळ्यांचे सारखेच’ म्हणे!

“सायनसच्या ऑपरेशनआधी सीटी स्कॅन सांगितला तर समजा, डॉक्टरांचा कमिशनचा कट ठरलेला आहे. सायनस सगळ्यांचे सारखेच असतात, एक्स-रे पुरतो, आणि दुर्बीण आत गेली की सगळं दिसतंच.” हा मेसेज मला आठवड्यात तीन ग्रुपवर आला, एकावर तर माझ्या मामेभावानेच टाकलेला. रोज हेच स्कॅन वाचते, त्यामुळे गप्प बसवेना.

सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. ‘सारखेच’ म्हणणाऱ्यांनी त्यांतला सगळ्यांत खोल, कवटीच्या मधोमध असलेला स्फेनॉइड घ्यावा. (त्या हाडाचं आपलं नाव जतूकास्थी. जतुका म्हणजे वटवाघूळ, आणि हाड दिसतंही तसंच, पंख पसरलेलं.) जन्मतः ही पोकळी जवळपास नसतेच. हाडात हवा शिरत शिरत ती बारा-चौदाव्या वर्षापर्यंत आकाराला येते, आणि कुठवर शिरेल याला नेम नाही. बहुतेकांत ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या खाली किंवा त्याहीमागे पोचते, काहींत अलीकडेच थांबते, आणि फार थोड्यांत पोकळी नावालाच, बाकी भरीव हाड. नाकातून पिट्युटरीची गाठ काढायची तर वाट याच पोकळीतून, म्हणून एकात पातळ पापुद्रा उघडायचा, दुसऱ्यात ड्रिलने वाट कोरायची.

एक्स-रे? त्यात पुढची-मागची हाडं एकावर एक पडतात. स्फेनॉइडच्या बाजूच्या भिंतीत मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी असते. तिच्यावरचं हाड कित्येकदा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. काहींत एखाद्या जागी हाडच नाही, मध्ये फक्त अस्तर. हे एक्स-रेत शोधून सापडणार नाही.

‘दुर्बिणीत सगळं दिसतं’ हे मात्र सगळ्यांत घातक. दुर्बीण भिंत दाखवते, भिंतीमागचं नाही. स्फेनॉइडच्या दोन पोकळ्यांमधला पडदा मधोमध असेल असं वाटतं. नेमका मधोमध तो क्वचितच असतो. परवाच्या एका स्कॅनमध्ये पुढे मध्यातून निघालेला पडदा मागे जाता जाता डावीकडे झुकला आणि थेट कॅरोटिडवरच्या हाडाला जाऊन टेकला. दुर्बिणीतून तो साधा पडदाच वाटला असता. चिमट्यात धरून पिळला, तर बुडाचं हाड मोडून धमनी फाटायची भीती. असा पडदा कापणाऱ्या पंचने किंवा ड्रिलने थोडा थोडा उतरवतात. रिपोर्टमध्ये ते पहिल्या ओळीत लिहिलं, शिवाय सर्जनना फोन केला.

दुसरी फसगत ओनोडी सेलची. बुडापेस्टच्या आडोल्फ ओनोडींचं नाव मिळालेली ही एथमॉइडची (दोन डोळ्यांमधल्या सायनसची) शेवटची कोठडी, काहींत स्फेनॉइडच्या डोक्यावर चढून बसते. आत शिरणाऱ्याला वाटतं, पोचलो. खरा स्फेनॉइड खाली, आतल्या अंगाला राहिलेला असतो, आणि कोठडीच्या भिंतीत दृष्टीची नस. स्कॅनच्या कोरोनल, म्हणजे चेहरा समोरून पाहिल्यासारख्या, कापांत स्फेनॉइडमध्ये आडवी भिंत दिसली की आम्ही तिथेच थबकतो.

राहिला ‘कट’. तो होतच नाही असं मी म्हणणार नाही. चार दिवस नाक गळतंय म्हणून स्कॅन सांगितला, तर जरूर विचारा, कशाला? पण मेसेज ऑपरेशनबद्दल आहे, आणि ऑपरेशनमधलं महागडं नेव्हिगेशन यंत्रसुद्धा स्कॅनच्याच आधाराने वाट दाखवतं. भरतीच्या दिवशी नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, फिल्म किंवा सीडी घ्या. पडदा कुठे टेकलाय हे सर्जनला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं.