थेंबाची चौकशी

2017 पासून सलग अनेक वर्षं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलंय. पोहे-जिलबी खाऊन कागद रस्त्यावर टाकायची कुणाची छाती नाही. सकाळी गाडी येते, सहा प्रकारांत वेगळा केलेला कचरा घेऊन जाते. आणि त्याच इंदूरच्या रामबाग वस्तीत एखाद्या मराठी घरापुढे जुनी बुलेट उभी असते, खाली पेट्रोलचा ओला डाग. सहांपैकी कुठल्याच डब्यात तो बसत नाही.

त्यावर गल्लीत एकच औषध चालतं: ‘भिया, टाइट करवा लो.’ माझ्या मते जुन्या गाड्या पेट्रोलनं मेल्या नाहीत इतक्या या वाक्यानं मेल्या. पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी वाटी असते; तिचे स्क्रू मऊ धातूत बसतात. जरा ज्यादा पिळला की आटे गेले, आणि थेंबाची धार झाली.

आधी थेंब कुठून येतो ते बघावं. टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, बंद करून सगळं फडक्यानं कोरडं करायचं. तरीही कॉकपाशी ओलं झालं तर कार्बोरेटरला दोष देऊ नका, कॉकचं रबर किंवा टाकीच्या जोडाचं वायसर गेलंय. आता कॉक उघडायचा आणि नुसतं बघायचं. हातात पाना असलेल्या माणसाला हेच सर्वांत अवघड जातं. वाटीच्या जोडावर पाझर असेल तर पॅकिंग बदला. तळाच्या बुचाशी असेल तर त्याचं वायसर. जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या ओव्हरफ्लो नळीतून ठिबकत असेल तर मामला आतला आहे.

आत असतो तो फ्लोट. फ्लशच्या टाकीतल्या फुग्याचंच काम तो करतो: पेट्रोल भरलं की वर येऊन नीडल (टोकदार सुई) सीटवर, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकाच्या काठावर, दाबतो, आवक बंद. टाकीतल्या गंजाचा एक कण मध्ये अडकला की आवक चालूच. नीडलच्या टोकावरून नख फिरवा. कडं लागलं तर ती गेली. सीट काढता येत असेल तर नीडल आणि सीट जोडीनंच बदला, नव्या नीडलचं जुन्या सीटशी पटत नाही. सीट पक्की असेल तर कानकाडीला पितळ चमकवायची पेस्ट लावून हलकेच फिरवा, मग धुऊन टाका. तार घालायची नाही.

पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत खळखळ झाली तर तो भोक पडून पेट्रोल प्यायलाय, जड झालाय, त्यामुळे उशिरा वर येतो. गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे येतात. डाग देण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण काढा आणि सोल्डरिंग इस्त्रीच वापरा. ज्योत लावलीत तर फ्लोट फटाका होतो. कथील कमीत कमी लावा, नाहीतर वजन पुन्हा वाढतं.

काही वाट्यांत मधोमध उभी पितळी नळी असते. तिला केसाएवढी चीर गेली की नीडल कितीही नवी घाला, ठिबकणं चालूच. वाटी काढून नळीच्या तोंडाखालपर्यंत पेट्रोल भरा; खालून थेंब आला तर चोर सापडला.

एक उपाय मात्र करू नका. काही उस्ताद ओव्हरफ्लो नळीतच बोल्ट ठोकतात. जमीन लगेच कोरडी होते, गिऱ्हाईक खूश. पेट्रोल मग इंजिनात उतरतं. बुलेटच्या ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नका. जुन्या टू-स्ट्रोक जावा-येझदीत ते क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, साठतं आणि प्लग ओला करतं.

हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं, मऊ पडतं. म्हणून विटॉनच्या, म्हणजे इंधनात टिकणाऱ्या रबराच्या, टोकाची नीडल मागा. दुकानदार ‘सब एक ही है’ म्हणेल. दुसऱ्या दुकानात जा.

सगळं बसवल्यावर पारदर्शक नळी बुचाच्या भोकाला लावून वाटीशेजारी उभी धरा. पातळी जोडाच्या थोडी खाली हवी. वर असेल तर फ्लोटची जीभ अर्धा मिलिमीटर वाकवा, जास्त नाही. हे सगळं अंगणात, आणि शेजारचे काका विडी ओढत सल्ला द्यायला आले तर आधी विडी विझवायला सांगा.