फुकटचा शेवटचा दिवस

घरच्यांचे वाढदिवस माझ्या लक्षात राहत नाहीत. पण आमच्या कुठल्या कंटेनरचा बंदरात दंडाशिवाय राहण्याचा, म्हणजे फुकटचा, शेवटचा दिवस कधी, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. उत्तर चुकीचं निघेल, ती गोष्ट वेगळी. माझा पहिला दिवस म्हणजे कंटेनर उचलण्याजोगा झाला तो. टर्मिनलचा, म्हणजे बंदरात कंटेनर उतरवून ठेवणाऱ्यांचा, पहिला दिवस तो जहाजातून उतरला तो. मागच्या खेपेला तो उतरला रात्री पावणेबाराला. त्या पंधरा मिनिटांचाही त्यांनी एक अख्खा दिवस धरला!

दिवस मिळाले होते पाच. पहिला असा गेला. दुसरा बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीची, वाट पाहण्यात. ते हातात आल्याशिवाय जहाज कंपनी डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडण्याची चिठ्ठी, देत नाही आणि ऑर्डरशिवाय गेट उघडत नाही. तिसऱ्या दिवशी कस्टम्सचे कागद अडले, कारण कंटेनरचा नंबर चुकला होता. चार अक्षरं, सात आकडे. त्यातला शेवटचा आकडा मुळात आधीच्या दहांत काही चुकलं तर पकडता यावं म्हणूनच असतो. माझी चूक नेमकी त्या आकड्यात! चौथ्या दिवशी ट्रेलर होता, पण स्लॉट, म्हणजे पेटी उचलायला आत जाण्याची ठरवून मिळणारी वेळ, नव्हता. पाचव्या दिवशी दोन्ही होते, पण आमची पेटी थप्पीत सगळ्यांत खाली. वरच्या चार उतरेपर्यंत संध्याकाळ झाली आणि आमचा स्लॉट गेला.

सहाव्या दिवशी दंड भरून पेटी गेटबाहेर काढली आणि सुटलो म्हणून हुश्श केलं. तेव्हा एजंट शांतपणे म्हणाला, "आता डिटेन्शन सुरू." म्हणजे भरलेली पेटी आत अडली की डेमरेज, रिकामी होऊन परत जाईपर्यंत बाहेर रेंगाळली की डिटेन्शन. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की इथे दोन्हीकडे पावती मिळते.

जिवाच्या आकांताने माल उतरवून रिकामी पेटी परत पाठवली. यार्डवाला म्हणाला, "या कंपनीचे रिकामे आज घेत नाही." ट्रेलर पेटीसकट परत दारात.

त्या रात्री दोनदा उठून पेटी जागेवर आहे ना, ते पाहून आलो. ती चोरीला गेली तर दिवस मोजणं थांबतं का, हेही करारात शोधलं. थांबत नव्हतं.