आमची माडी आणि खालची मिरची

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावर आजोबांनी घेतलेलं दुकान आहे आणि दुकानावर माडी. दुकान कैक वर्षांपासून एका अण्णांकडे भाड्यानं आहे. पुढं मिरची-मसाला, मागं मिरची कांडायचं यंत्र, म्हणजे डंक. माडीवर कुणीच राहत नव्हतं. म्हणजे कबुतरं होती, रिकामी पोती होती आणि गणेश मंडळाचे बांबू होते, पण ह्यातलं कुणी भाडं देत नव्हतं.

मे महिन्यात अहमदपूरहून अक्काचा फोन आला. भाचा आता ‘लातूर पॅटर्न’मध्ये शिकणार आणि त्याला दोन घास करून घालायला अक्काही येणार. ट्यूशन एरियातल्या एका खोलीचं भाडं ऐकून दाजी फोनवरच गप्प झाले. तेवढ्यात मागून आमच्या सौभाग्यवती बोलल्या, "माडी रिकामीच हाय की ओ!"

मला वाटलं, दोन दिवस झाडायचं, चुना मारायचा, की आठवड्यात संसार. टेप घेऊन मोजमाप करायला गेलो. जिना दुकानाच्या आतून, मिरचीच्या पोत्यांमागून. एकेक पायरी अकरा इंच उंच, आणि पाऊल ठेवायला जागा सहा इंच. आजोबा कायम फेटा का बांधायचे, हे वरच्या तुळईवर डोकं आपटल्यावर कळलं.

मी वर खिडक्या मोजत असताना अण्णा जेवायला गेले आणि पोऱ्यानं शटर ओढून कुलूप लावलं. मला कळलं ते पाऊण तासानं. अण्णांना फोन लावला, तर रिंग खालच्या गल्ल्यावरच वाजली. मग खिडकीतून ओरडलो. खाली लिंबं विकणाऱ्यानं मान वर केली.

"काय पायजे, मामा?"

"खाली यायचंय!"

"मंग या की!"

दोन तास मी पोत्यावर बसून शिंकलो. तिसाव्या शिंकेनंतर मोजायचं सोडलं. तेव्हा मनात आलं, हे भरदुपारी झालं, रस्त्यावर माणसं होती. रात्री अक्का आणि पोरगं वर झोपलेलं, खाली शटरला कुलूप आणि पोत्यांपाशी एखादी वायर पेटली तर?

दुसऱ्या दिवशी एका तरुण इंजिनिअरला घेऊन गेलो. त्यानं जिना बघितला आणि पहिलं वाक्य टाकलं, "काका, ह्याच्यातून फक्त धूर चढल." घराचा जिना दुकानातून नकोच, मागच्या बोळातून वेगळा घ्या आणि आतलं भोक बांधून काढा, म्हणाला. पायरी साडेसात इंचांच्या वर नको, पावलाला दहा इंच जागा हवी, रुंदी मीटरभर तरी हवी. शिवाय घराचं मीटर वेगळं. डंकाच्या वायरीवर मिक्सर चालवायचा नाही. गॅसची टाकी खिडकीजवळ, पण जमिनीलगतही झरोका पाहिजे, कारण गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो.

मग तो माळवदावर, म्हणजे वरच्या मातीच्या सपाट छतावर चढला आणि पहारीनं उकरायला लागला. एक वीत, दोन वीत, तरी मातीच. पावसाळा आला की गळू नये म्हणून दरसाली गढीची पांढरी माती टाकायची आमच्याकडं रीत होती. आजोबांनी टाकली, वडलांनी टाकली, जुनी मात्र कुणीच काढली नाही. तीन पिढ्यांची कर्तव्यदक्षता मिळून सव्वा हात जाड झाली होती.

आईला हे सांगितलं तर ती बराच वेळ बोलली नाही. ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट तिच्या अंगात अजून आहे. किल्लारीकडं माणसं गेली ती ह्याच मातीखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. "काढा ती माती," एवढंच म्हणाली. तीन ट्रॉल्या निघाली. भिंतींत आरपार दगड बसवले, वरून चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवला. माडी हलकी झाली. माझं पासबुक त्याहून हलकं झालं.

आता सगळं संपलं असं वाटत असतानाच आई म्हणाली, "वर हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या ठेवा."

इंजिनिअर कळवळला. "आज्जी, हजार लिटर म्हणजे एक टन! माती मग कशाला उतरवली?"

"२०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तवा तू कुठं हुतास?"

"शाळेत, आज्जी."

"मंग गप. भूकंप येऊन तीस वर्षं झाली बाबा, पाणी रोज लागतंय."

लातूरकराला दोनच भीती, डोक्यावर काही पडेल आणि नळाला काही येणार नाही. आमच्या माळवदावर त्या दोन्ही समोरासमोर उभ्या राहिल्या. दीड तासानं तह झाला. टाक्या खाली बोळात ओट्यावर, पाणी मोटारीनं वर, आणि माडीवर फक्त एक पिंप. तहात नसलेल्या चार कळश्या आईनं गुपचूप वर नेल्याच.

कागदाचं काय सांगावं! कागदोपत्री माडी ‘गोदाम’ होती. गोदामाचं घर करायला वापर बदलाची परवानगी लागते. खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, "सध्या तिथं काय ठेवता?" मी म्हणालो, "बहीण ठेवायचीय." त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुढच्या सोमवारी यायला सांगितलं. असे सहा सोमवार झाले. महादेवाला इतके केले असते तर माडीला लिफ्ट लागली असती.

आता अक्का राहायला येऊन तीन महिने झाले. बोळातला जिना दणकट आहे, पण त्याच्या खालच्या पायऱ्या म्हणजे आपल्यासाठी बांधलेली मांडणीच, असं अण्णांना वाटतं. रोज सकाळी अक्का पोती खाली उतरवते, दुपारी ती परत चढतात. परवा तिनं एक पोतं सरळ गल्ल्यासमोर नेऊन ठेवलं आणि त्यावरच भाजी निवडत बसली. तेव्हापासून दोन दिवस जिना मोकळा आहे.

दारावर बेल मात्र बसवली नाही, लागतच नाही. डंक सुरू असला की जिना चढणारा शिंकतोच. एक शिंक आली की दूधवाला, तो सरावलाय. दोन आल्या की भाचा. ओळीनं पाच आल्या की अक्का आतूनच ओरडते, "दादा आला, चहा टाका!"