‘मशीनची नक्कल करणारा माणूस’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

जोजो मायर या ड्रमरवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि चिडलो. म्हणून उत्तर सकाळी लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. वीस वर्षं तबला वाजवलेल्या या वाचकांचं म्हणणं असं: जाझ हे मायरचं नुसतं नाव, प्रत्यक्षात तो ठेका वाजवणाऱ्या मशीनची नक्कल करतो. नक्कलच ऐकायची तर मशीन काय वाईट? हे सगळं गणपतीतल्या डीजेच्याच जातीचं. मी त्याची तुलना हलगीशी केली तो हलगीचा अपमान. आणि मायर अमेरिकी नाही.

शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मायर स्विस, १९६३ साली झ्युरिकला जन्मलेला. न्यूयॉर्कला तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गेला आणि माझ्या डोक्यात तिथलाच होऊन बसला. लेखात दुरुस्ती केली आहे.

जाझबद्दल मात्र ऐकून घेणार नाही. अठराव्या वर्षी तो मॉन्टी अलेक्झांडर या जमैकन पियानोवादकाबरोबर वाजवायला लागला. त्या माणसाचा पियानो नुसता स्विंग, म्हणजे जाझची झुलती लय आहे. तिथे लय पाण्यासारखी वाहती ठेवता आली नाही तर ड्रमरला दुसऱ्या दिवशी कोण बोलावणार?

आता मशीन. तुम्ही ज्याला मशीनचा ठेका म्हणता तो मुळात माणसाचा आहे. १९६९ साली ‘द विन्स्टन्स’ नावाच्या बँडची एक तबकडी निघाली. तिच्या मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ हे गाणं. त्यात बाकी सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ड्रम वाजवतो, चार आवर्तनं, जेमतेम सात सेकंद. पुढे सॅम्पलर, म्हणजे आवाजाचा तुकडा उचलून पुन्हा वाजवणारी यंत्रं, आली आणि इंग्लंडातल्या पोरांनी ते सात सेकंद उचलले. वेग वाढवला, तुकडे केले, उलटसुलट जोडले. जंगल आणि ड्रम अँड बेस हे वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रकार बऱ्याच अंशी त्या सात सेकंदांवर उभे आहेत. कोलमनला रॉयल्टीचा एक पैसा मिळाला नाही. तो २००६ मध्ये गेला, तेव्हा त्याला राहायला घरही नव्हतं. अपमानाबद्दल बोलायचंच तर खरं म्हणजे इथून सुरुवात करायला हवी.

मायरने नव्वदच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये ‘प्रोहिबिटेड बीट्झ’ नावाच्या रात्री सुरू केल्या, त्यातून त्याचा ‘नर्व्ह’ हा बँड झाला. कॉम्प्युटरवर कापून जोडलेला ठेका हातापायांनी, तिथल्या तिथे वाजवायचा. पण एकदा तो माणसाच्या हातात आला की दर आवर्तनाला बदलता येतो, समोरच्या बेसवाल्याचं ऐकून मधेच मोडता येतो. मशीनने माणसाकडून नेलेली वस्तू तो परत घेऊन आला, आणि येताना मशीनच्या चार युक्त्याही उचलून आणल्या. याला तुम्ही नक्कल म्हणा. मी वसुली म्हणेन.

तुम्ही तबल्यातले, म्हणून एक गोष्ट मुद्दाम. मिनिटाला १७० मात्रांची लय धरा. एका हाताने हाय-हॅटवर (ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीवर) मात्रेला दोन आघात, म्हणजे सेकंदाला साडेपाचाहून जास्त, आणि हे मिनिटंच्या मिनिटं. नुसत्या मनगटाने केलं तर कोपरापर्यंत हात दगड होतो. मायर काय करतो बघा: मनगट खाली जाताना बोटं उघडतात, एक आघात. बोटं मिटून काठी आत ओढली जाते, दुसरा आघात. हालचाल एक, ठोके दोन. तुमच्या ‘धिरधिर’मध्ये तळहात एकदा झुलतो आणि बोल दोन निघतात, त्याचीच ही चुलत बहीण. २००७ च्या त्याच्या शिकवणीच्या डीव्हीडीत हे सगळं संथ करून दाखवलं आहे. नुसता उजवा हात बघत बसा.

‘मशीनसारखं सरळ’ या तुमच्या शब्दांवरही माझी हरकत आहे. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो. घराच्या भिंतीला लागून मागांचा कारखाना. रात्री अंथरुणात पडलो की दोन माग बरोबर चालताना ऐकू यायचे. मग एक किंचित मागे पडायचा, धोट्यांचा खटखटाट फाटत जायचा, आणि बऱ्याच वेळाने दोघं पुन्हा एकत्र यायचे. त्या मधल्या वेळात काय काय ठेके तयार व्हायचे! वडील झोपेत म्हणायचे, तीन नंबर बिघडला. सकाळी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, तीन नंबरशीच बसलेला असायचा. तेव्हा यंत्र म्हणजे थंड आणि सरळ, हे निदान सोलापुरात राहून म्हणू नका. मायरच्या ठेक्यात मला तो फाटत जाणारा मधला वेळ ऐकू येतो. सरळ लय आणि झुलती लय यांच्या मधे कुठेतरी तो आघात ठेवतो. तो कागदावर लिहिता येत नाही.

डीजेबद्दल तुमचं माझं एकमत आहे. आमच्या खिडकीच्या काचासुद्धा तुमच्या बाजूने बोलतील. पण तो राग भिंतीएवढ्या स्पीकरवर काढू, ड्रमरवर नको.

राहिली हलगी. ती तुलना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. मागच्या गणपतीत मिरवणुकीआधी एक वयस्कर हलगीवाले रद्दी पेटवून हलगी शेकत बसले होते. त्यांना मोबाइलवर मायर ऐकवला, पडदा न दाखवता. ते हलगी फिरवत फिरवत ऐकत राहिले, मधेच कातड्यावर बोट मारून ताण बघितला. मग म्हणाले, “हलगीवाला बरा हाय. ताशावाला घाई करतोय.”

मी सांगितलं, मामा, एकटाच माणूस आहे.

त्यांनी मोबाइल हातात घेतला, बघितलं, आणि परत पहिल्यापासून लावायला सांगितलं. रद्दी तोवर विझली होती.

हलगीवाल्यांवर कधी लिहिणार, असंही तुम्ही विचारलंय. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आधी लिहितो. मामांनी बोलायला होकार दिलाय, फोटोला नाही.