“साठीनंतर किडनी कमी चालणारच” : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

ज्येष्ठ नागरिकांच्या आणि कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये मूत्रपिंडांविषयीचा एक संदेश थोड्याफार फरकाने पुन्हापुन्हा फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : वय वाढले की किडनीचे काम कमी होणे नैसर्गिक आहे, त्याला आजार ठरवण्यासाठी २००२ साली अमेरिकेत एक आकडा काढण्यात आला आणि धडधाकट म्हातारी माणसे रुग्ण झाली, रक्तातील क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) मर्यादेत असेल तर आणखी कोणत्याही तपासणीची गरज नाही, बीपीच्या गोळ्यांनीच किडनी खराब होते, म्हणून त्या बंद कराव्यात, भरपूर पाणी प्यावे, म्हणजे किडनी धुऊन निघते, आणि जपानी शास्त्रज्ञांना सापडलेले ‘क्लोथो’ हे तारुण्याचे जनुक अमुक एका चूर्णाने पुन्हा जागे करता येते.

हा संदेश सबंध खोटा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. त्यातील काही विधाने खऱ्या संशोधनातून उचललेली आहेत, परंतु ते संशोधन जिकडे बोट दाखवते त्याच्या नेमकी उलट वाट वाचणाऱ्याला दाखवली आहे. हा संदेश वाचून सत्तरी ओलांडलेले कोणी चालू औषध सोडत असेल किंवा लघवीची साधी तपासणी टाळत असेल, तर त्याची किंमत त्या माणसाला पुढे डायलिसिसच्या खुर्चीवर मोजावी लागू शकते, म्हणून हे उत्तर.

“वय झाले की किडनीचे काम कमी होणारच.”

सर्वसाधारणपणे हे खरे आहे. मूत्रपिंडात रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे सूक्ष्म गुच्छ असतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी किडनीदान करणाऱ्या निरोगी व्यक्तींचे स्कॅन आणि दानाच्या वेळी घेतलेले ऊतींचे नमुने यांचा एकत्र अभ्यास करून २०१७ साली जे अंदाज प्रसिद्ध केले, त्यांनुसार १८ ते २९ या वयोगटात एका किडनीत असे शाबूत गुच्छ सरासरी सुमारे ९ लाख ९० हजार असतात, तर ७० ते ७५ या वयोगटात ते सुमारे ५ लाख २० हजारच उरतात. हे दाते कसून तपासून निवडलेले होते, आजारी नव्हते. तेव्हा वयाबरोबर गाळण्यांची संख्या घटते, हे विनातक्रार मान्य करायला हवे.

मात्र ही घट सर्वांची सारखी नसते. अमेरिकेतच बाल्टिमोर येथे वार्धक्याचा जो दीर्घकालीन अभ्यास चालला, त्यात मूत्रपिंडाचा आजार नसलेल्या २५४ पुरुषांचे गाळण, म्हणजे किडनी दर मिनिटाला किती मिलिलिटर गाळते ते प्रमाण, १९५८ ते १९८१ या काळात पुन्हापुन्हा मोजण्यात आले. सरासरी घट दर वर्षी मिनिटाला ०.७५ मिलिलिटर एवढी होती, पण सुमारे एक तृतीयांश पुरुषांमध्ये वर्षे उलटूनही घट आढळलीच नाही आणि मोजक्या काही जणांमध्ये तर गाळण किंचित वाढलेले दिसले. त्याच अभ्यासात रक्तदाब जास्त असलेल्यांची घट अधिक वेगाने झाल्याचेही नोंदवले गेले. जी गोष्ट एकाच वयाच्या दोन माणसांमध्ये इतकी वेगळी घडते, तिचा सगळा भार जन्मतारखेवर टाकता येत नाही.

याहून महत्त्वाचा फरक एकेका गाळणीच्या पातळीवर दिसतो, आणि मला स्वतःला या सगळ्या संशोधनातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मेयो क्लिनिकच्याच गटाने १,३८८ दात्यांच्या माहितीवरून एक गाळणी सरासरी किती काम करते याचे गणित मांडले, तेव्हा सत्तरीपर्यंतच्या निरोगी दात्यांमध्ये वयानुसार त्यात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे निरोगी वार्धक्यात गाळण्या कमी होतात, पण उरलेल्या गाळण्यांवर जादा ओझे पडत नाही, बहुधा शरीराची गरजही तेवढीच कमी झालेली असते. लठ्ठ व्यक्तींमध्ये आणि ज्यांच्या कुटुंबात किडनी पूर्ण निकामी झाल्याचा इतिहास आहे अशांमध्ये मात्र एकेका गाळणीचे काम वाढलेले दिसले. अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभीच हे तत्त्व मांडले होते की उरलेल्या गाळण्या जास्तीच्या दाबाखाली राबू लागल्या की त्या स्वतःही झिजतात, आणि मग एक नुकसान पुढच्या नुकसानाला जन्म देते. मधुमेहात सुरुवातीची काही वर्षे गाळण वाढलेले दिसते ते याच कारणाने. तेव्हा वयाने होणारी घट आणि आजाराने होणारी घट या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि एकाच माणसात त्या एकाच वेळी चालू असू शकतात.

“२००२ साली आकडा ठरवून आजार निर्माण केला.”

अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनने २००२ साली दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची व्याख्या आणि त्याचे टप्पे जाहीर केले, हे खरे आहे. मिनिटाला ६० मिलिलिटरपेक्षा कमी गाळण, हा त्यातील आकडाही खरा आहे. संदेशात दोन गोष्टी गाळल्या आहेत. पहिली म्हणजे ती स्थिती किमान तीन महिने टिकलेली असावी लागते. जुलाब, ताप किंवा ऑपरेशननंतरच्या एका रिपोर्टवरून हे निदान होत नाही. दुसरी म्हणजे गाळण ६० च्या वर असले तरी लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन जात असेल, किंवा किडनीला इजा झाल्याचा अन्य पुरावा असेल, तर तोही आजारच मानला जातो. म्हणजे या व्याख्येने ज्येष्ठांना रुग्ण ठरवले, ही अर्धी गोष्ट झाली. एरवी कोणाच्या लक्षातही आली नसती अशी तरुण मधुमेही माणसे तिच्यामुळे वेळेत हाती लागली, ही उरलेली अर्धी.

या आकड्यावर टीका झाली, आणि ती मूत्रपिंडतज्ज्ञांमधूनच झाली. रिचर्ड ग्लासॉक यांच्यासारख्या ज्येष्ठ तज्ज्ञांनी वृद्धांना सरसकट रुग्ण ठरवण्यास अनेक वर्षे विरोध केला. २०१९ साली बेल्जियमचे पिअर डेलनाय आणि त्यांचे सहकारी यांनी वयानुसार तीन मर्यादा सुचवल्या : चाळिशीच्या आत ७५, चाळीस ते पासष्ट या वयात ६०, आणि पासष्टीनंतर ४५. २०२१ साली कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या नोंदींवरून असे दिसले की ज्यांचे वय ६५ च्या पुढे आहे, गाळण ४५ ते ५९ आहे आणि लघवीत अल्ब्युमिन नाही, त्यांची किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका त्याच वयाच्या निरोगी लोकांच्या जवळपास आहे. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे आणि तो ज्येष्ठांपर्यंत पोहोचलाच पाहिजे. सत्तरीतल्या माणसाच्या रिपोर्टवर ५५ आकडा पाहून घरातल्यांनी धास्ती घेऊ नये, एवढे संदेशकर्त्याने लिहिले असते तर त्याच्याशी वाद घालण्याचे कारण उरले नसते.

पण हा दिलासा कोणाला मिळतो ते पाहावे. ज्याने लघवीतील अल्ब्युमिन तपासून घेतले आणि ते नाही अशी खात्री करून घेतली, त्यालाच. टीकाकारांचा वाद मर्यादेच्या आकड्याशी होता. अल्ब्युमिन तपासू नये असे त्यांच्यापैकी कोणी सुचवले नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, वीस लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणात कमी गाळण आणि लघवीतील अल्ब्युमिन या दोन्हींचा मृत्यूच्या आणि किडनी निकामी होण्याच्या वाढीव धोक्याशी असलेला संबंध सर्व वयोगटांत आढळला होता. वृद्धांमध्ये तुलनेने हा संबंध थोडा सौम्य असला, तरी प्रत्यक्ष मृत्यूंची भर त्यांच्यातच अधिक होती. टीकाकारांचे नाव घेऊन तपासणीच टाळायला सांगणे हा त्यांच्या अभ्यासावर अन्याय आहे.

“क्रिएटिनिन नॉर्मल आहे, म्हणजे किडनी ठीक आहे.”

संदेशातील सर्वांत घातक विधान हे आहे, कारण ते वाचून माणूस निर्धास्त होतो. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते. वयाबरोबर स्नायू कमी होतात, त्यामुळे किडनी कमी गाळत असली तरी रक्तातील आकडा फारसा चढत नाही. एक हिशेब करून पाहू. पंचवीस वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन १.१ असेल तर क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून गाळणाचा अंदाज देणाऱ्या, सध्या रूढ असलेल्या २०२१ च्या सूत्राप्रमाणे त्याचे गाळण सुमारे ९५ येते. पंचाहत्तर वर्षांच्या आजींचे क्रिएटिनिनही १.१ च असेल तर त्यांचे गाळण सुमारे ५२ भरते. दोघांच्या रिपोर्टवर एकच आकडा छापलेला असतो, आणि अनेक प्रयोगशाळांच्या छापील मर्यादेत किंवा तिच्या काठावर तो दोघांसाठीही बसतो.

हे सूत्रही शेवटी अंदाजच आहे. अंगाने अगदी वाळलेल्या, दीर्घ आजारातून उठलेल्या किंवा अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसात क्रिएटिनिन इतके कमी असते की सूत्र गाळण फुगवून दाखवते. अशा वेळी स्नायूंवर फारसे अवलंबून नसलेले सिस्टॅटिन सी हे रक्तातील प्रथिन मोजावे, असे २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही म्हटले आहे. ती तपासणी क्रिएटिनिनपेक्षा महाग आहे आणि सगळीकडे होत नाही, ही अडचणही खरी. लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर मात्र सकाळच्या थोड्याशा लघवीवरून काढता येते. ते ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक येत असेल आणि फेरतपासणीतही तसेच राहत असेल, तर क्रिएटिनिन कितीही चांगले असले तरी मूत्रपिंडांना इजा होत आहे असे समजावे.

“बीपीच्या गोळ्यांनी किडनी खराब होते.”

हा समज कसा तयार होतो ते समजण्यासारखे आहे. एसीई इनहिबिटर किंवा सार्टान या रक्तदाबाच्या औषधांच्या गटांतील गोळी सुरू केली की पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढते, आणि रिपोर्ट हाती आल्यावर घरातील माणसे गोळीला दोष देतात. ही वाढ होते ती गाळण्यांमधील दाब उतरतो म्हणून, आणि तो दाब उतरवणे हाच उपचार आहे. चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सामान्यतः स्वीकारली जाते. त्यापलीकडे गेल्यास किंवा पोटॅशियम चढल्यास डॉक्टर फेरविचार करतात. १९९३ साली कॅप्टोप्रिल या एसीई इनहिबिटरच्या चाचणीत, टाइप १ मधुमेहामुळे किडनी बिघडलेल्या रुग्णांमध्ये, मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांचा एकत्रित धोका निम्म्याने घटला. २००१ साली टाइप २ मधुमेहात लोसार्टान आणि इर्बेसार्टान या सार्टान गटातील औषधांनीही किडनीचे संरक्षण होते असे सिद्ध झाले.

आजार खूप पुढे गेल्यावर तरी या गोळ्या थांबवाव्यात का, हा प्रश्न ब्रिटनमधील संशोधकांनी प्रामाणिकपणे तपासून पाहिला. गाळण ३० च्या खाली गेलेल्या ४११ रुग्णांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले : गोळ्या बंद केलेल्यांचे गाळण तीन वर्षांनंतरही चालू ठेवलेल्यांपेक्षा चांगले नव्हते. संदेशाचा सल्ला मानून गोळी सोडणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही आणि रक्तदाब मात्र मोकाट सुटतो.

“या आजारावर औषधच नाही” असेही हा संदेश जाता जाता सुचवतो. एके काळी ते बरेचसे खरे होते, आता नाही. डापाग्लिफ्लोझिन या मुळात मधुमेहासाठी आलेल्या औषधाची ४,३०४ रुग्णांवरील चाचणी २०२० मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण गाळण निम्म्याने किंवा अधिक घटणे, किडनी निकामी होणे, किंवा किडनीच्या अथवा हृदयाच्या कारणाने मृत्यू येणे यांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला होता, आणि त्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना मधुमेहच नव्हता. त्याच गटातील एम्पाग्लिफ्लोझिनने ६,६०९ रुग्णांत तशाच स्वरूपाचा लाभ दाखवला. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले. त्यानंतर अनेक कंपन्यांच्या गोळ्या बाजारात येऊन किमती बऱ्याच उतरल्या. ही औषधे प्रत्येकासाठी नाहीत आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असतात, पण ती उपलब्ध असताना वयाचे कारण देऊन तपासणी टाळणे म्हणजे उपचाराची वेळ हातची घालवणे आहे.

किडनीला खरोखर इजा करणाऱ्या गोळ्यांविषयी मात्र संदेश गप्प आहे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या, त्यासोबत चालू असलेली बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी, आणि त्यातच उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झालेले, अशा मेळात वृद्धांची किडनी अवघ्या काही दिवसांत ढासळू शकते. जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्या तर कोणती गोळी किती दिवस थांबवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेणे उपयोगाचे आहे.

“भरपूर पाण्याने किडनी धुऊन निघते.”

मुतखडा होणाऱ्यांना आणि उन्हात राबणाऱ्यांना अधिक पाणी लागते, याबद्दल दुमत नाही. परंतु किडनीचा आजार असलेल्या ६३१ जणांच्या कॅनडातील चाचणीत निम्म्यांना रोज एक ते दीड लिटर अधिक पाणी पिण्यासाठी प्रवृत्त करण्यात आले, आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या घटीत फरक पडला नाही. हृदय कमकुवत असलेल्या किंवा पायांवर सूज असलेल्या वृद्धाला जबरदस्तीने चार लिटर पाणी पाजणे मात्र सरळ अपायकारक आहे.

“क्लोथो जनुक चूर्णाने जागे होते.”

क्लोथो ही कल्पित गोष्ट नाही. माकोतो कुरो-ओ आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९९७ साली असे उंदीर वर्णिले की ज्यांच्यात हे जनुक बिघडल्यामुळे हाडे ठिसूळ होत, रक्तवाहिन्यांमध्ये चुना साठे, कातडी पातळ होई आणि ते जेमतेम दोन महिने जगत. या जनुकाचे प्रथिन मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते आणि शरीरातील फॉस्फेट बाहेर टाकण्याच्या कामात भाग घेते. २००५ साली याच शास्त्रज्ञाच्या सहभागाने झालेल्या प्रयोगात ज्या उंदरांमध्ये क्लोथो जास्त तयार होई ते अधिक काळ जगले. किडनीच्या आजारात क्लोथो घटते आणि रुग्णाच्या रक्तवाहिन्या वयापेक्षा लवकर कडक होतात, हेही दिसले आहे. किडनीचा आजार आणि वार्धक्य यांचे नाते इतके जवळचे आहे, म्हणूनच या संशोधनाची जाण सामान्य वाचकाला असायला हवी. परंतु माणसात क्लोथो वाढवून किडनी सुधारणारे कोणतेही सिद्ध औषध आज नाही, मग चूर्णाची गोष्ट दूरच राहिली.

अशा चूर्णांच्या दुसऱ्या बाजूचा पुरावा आपल्या देशातूनच आला आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी २०२२ साली एका विशिष्ट प्रकारच्या मूत्रपिंडविकाराचे रुग्ण अभ्यासले, ज्यात गाळण्यांच्या पडद्याला इजा होऊन लघवीतून प्रथिने वाहून जातात. त्यांतील बरेच रुग्ण पारंपरिक म्हणून विकली जाणारी औषधे घेत होते, आणि तपासलेल्या अशा औषधांमध्ये पारा मोठ्या प्रमाणात सापडला. ती औषधे बंद केल्यावर बहुतेकांच्या लघवीतील प्रथिने हळूहळू कमी होत गेली.