बदलीच्या डब्याची बदली

नोकरीच्या 31 वर्षांत माझ्या सहा बदल्या झाल्या, परंतु त्यांपैकी एकाही बदलीसाठी मला अंगणात पाठीवर झोपावे लागले नव्हते. सातवी बदली मात्र मी निवृत्तीनंतर, कोणाचाही आदेश नसताना, केवळ स्वतःच्या हौसेने ओढवून घेतली आणि तीत माझी कंबर, दोन सदरे आणि विज्ञानाचा शिक्षक म्हणून गल्लीत असलेली माझी पत एवढे सगळे खर्ची पडले. ही बदली माझी नव्हती. माझ्या मारुती जिप्सी गाडीच्या ट्रान्सफर बॉक्सची होती.

आमची जिप्सी 2001 सालची, म्हणजे 1.3 लिटर इंजिनाची, जिला लोक ‘किंग’ म्हणतात ती. मेढ्याच्या पलीकडे आमचे थोडे शेत आहे आणि डांबरी रस्ता सोडल्यानंतर तिथवर जाणारी पायवाट पावसाळ्यात इतकी विरघळते की साध्या गाडीने गेलेला मनुष्य दसऱ्यालाच परत यावा. त्यासाठी चारही चाकांना ओढ देणारी गाडी हवी, आणि ती ओढ वाटून देण्याचे काम ज्या डब्यात होते त्याला ट्रान्सफर बॉक्स म्हणतात. बहुतेक जीपगाड्यांत हा डबा गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला असतो. जिप्सीत मात्र तो विभक्त राहतो. गिअरबॉक्सपासून थोडा मागे, रबराच्या तीन बैठकांवर टांगलेला असा तो स्वतंत्र संसार थाटून असतो. एका आखूड शाफ्टने गिअरबॉक्सकडून शक्ती घेतो आणि एक लांब शाफ्ट पुढे व एक मागे अशी तिची वाटणी करतो. वेगळे राहूनही दोन्ही घरांचे पाहणारा मधला भाऊ अनेक कुटुंबांत असतो, त्यातला हा प्रकार. त्याचे हाल कोणी विचारत नाही, हेही साम्य तंतोतंत आहे.

मीही विचारले नव्हते. या डब्यात केवळ 0.8 लिटर ऑइल लागते, आणि एका गळक्या सीलमधून ते रोज थोडेथोडे अंगणातल्या फरशीवर उतरत होते. रुपयाएवढा तो डाग मी चार वर्षे रांगोळीसारखा नित्याचा मानला. त्यात माझ्या मेहुण्याने भर घातली. लग्नाच्या एका वरातीत पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठी त्याने कोरड्या डांबरी रस्त्यावर ‘फोर हाय’, म्हणजे चारही चाकांची नेहमीच्या वेगाची ओढ, लावून गाडी गरागरा वळवली. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या गाडीत हा फरक सोसणारा मधला डिफरन्शियल नसतो. चिखलात चाके घसरून तो फरक जिरवतात, पण डांबरावर घसरायला जागा नसल्यामुळे सगळा ताण डब्यातल्या दात्यांवर येतो. हे मी मेहुण्याला वरातीनंतर सविस्तर समजावून सांगितले. तो म्हणाला, “दाजी, पण पाहुणे खूश झाले की.”

मग डबा आधी रडू लागला, पुढे ओरडू लागला, आणि शेवटी भर चढावर ‘फोर लो’मधून, म्हणजे चारही चाकांच्या संथ पण जोरकस ओढीतून, लिव्हर आपोआप बाहेर फेकू लागला. दोष गाडीचा नव्हता, हे येथे स्पष्ट नोंदवतो. ऑइल काढले तेव्हा त्यात सत्यनारायणाच्या मखराला शोभेल एवढी चमकी निघाली आणि मिस्त्रींनी डब्याची घटका भरल्याचे जाहीर केले. दुसरा जुना डबा मिळवून बसवण्याची मजुरी चार हजार आणि मुदत आठ दिवस, असे त्यांचे म्हणणे पडले. आठ दिवस ऐकून मला हसू आले. तीन शाफ्ट, बारा बोल्ट, तीन बैठका, एक लिव्हर, एक वायर आणि स्पीडोमीटरची केबल एवढेच तर सोडवायचे होते. कागदावर मांडले तेव्हा एका रविवारचेही काम दिसेना. येथे सांगून ठेवतो की मला अकरा दिवस लागले.

पुण्याहून मी जुना डबा घेऊन आलो. त्याच्यावर पांढऱ्या रंगाने ‘किंग’ असे ठसठशीत लिहिलेले होते. आईने विचारले, “डबा बदलायला पुण्याला कशाला जायला हवं? भांडीवाली दारावर येते ना?” शेजारचे सुभेदारसाहेब मात्र गंभीरपणे डब्याभोवती फिरले. ते मूळचे अपशिंग्याचे, म्हणजे ज्या गावाच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ लावतात तिथले, आणि त्यांची सगळी नोकरी सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या ई.एम.ई. दलात गेलेली. सैन्याने वर्षानुवर्षे जिप्सी वापरली असल्यामुळे या गाडीशी त्यांचे नाते माझ्यापेक्षा जुने होते. ते म्हणाले, “सर, बसवायच्या आधी दोन्ही तोंडांना खडूनं खूण करा, हातानं फिरवा आणि फेरे मोजा.”

मी ‘किंग’ या अक्षरांकडे बोट दाखवले. ज्याने 31 वर्षे आठवीच्या आणि नववीच्या वर्गांना दातेरी चाकांचे गुणोत्तर शिकवले, त्याने अंगणात बसून फेरे मोजावेत, हे मला कमीपणाचे वाटले. सुभेदारसाहेब “बरं” म्हणाले. सैन्यातले ‘बरं’ हे आपल्या ‘बरं’पेक्षा वेगळे असते, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

पहिल्या दिवशी जॅक लावून गाडी दोन घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, घेतली. जिप्सीच्या पोटाखाली 210 मिलिमीटर मोकळी जागा असते असे तिच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. माझ्या पोटाचे माहितीपत्रक नसल्यामुळे दोहोंची तुलना प्रत्यक्ष प्रयोगानेच करावी लागली. घोड्यांमुळे ती जमली. मागची चाके जमिनीवरच होती आणि आमच्या अंगणाला फाटकाकडे उतार आहे, म्हणून मी शहाणपणाने गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली होती. मागचा शाफ्ट सोडवायला घेताच फाटकापाशी उभे असलेले सुभेदारसाहेब काही न बोलता दोन मोठे दगड घेऊन आले आणि त्यांनी ते मागच्या चाकांना लावले. मग त्यांनी विचारले, “सर, शाफ्ट काढल्यावर गिअर कोणाला धरणार?” गिअर चाकांना धरतो तो याच शाफ्टमधून, तो सुटला की गिअर पहिला असो वा पाचवा, गाडीला ते माहीतही नसते. हा प्रश्न मी परीक्षेत विचारला असता तर पाच गुणांसाठी विचारला असता.

बारा बोल्टांचे वर्णन थोडक्यात करता येणार नाही. प्रत्येक जोडावर चार बोल्ट असतात आणि त्यांच्या वाटेत शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांध्यातला अधिकच्या खुणेसारखा तुकडा, असा आडवा येतो की पाना एका वेळी घड्याळातल्या दहा मिनिटांएवढाच फिरतो. आखूड शाफ्टचा बोल्ट सैल करायचा तर शाफ्ट जखडलेला हवा, म्हणून वर गाडीत बसलेल्याने गिअर टाकायचा. एक बोल्ट सुटून दुसरा हाताशी आणायचा तर शाफ्ट मोकळा फिरायला हवा, म्हणून त्याने गिअर काढायचा. हे काम मेहुण्याला दिले होते. मी खालून “न्यूट्रल!” म्हणायचे आणि त्याने मोबाइलवरून नजर न काढता “टाकला, दाजी” म्हणायचे, त्यानंतर मी जोर लावला की शाफ्ट गर्रकन फिरायचा आणि माझी बोटे चासीवर आपटायची, किंवा नेमके उलट व्हायचे. दुपारपर्यंत गल्लीतल्या मुलांनी या आरोळ्यांचा खेळ केला होता. अकरा बोल्ट सुटले. बाराव्याला आधी रॉकेल पाजले, मग त्याची मनधरणी केली, मग पान्याला लोखंडी नळी अडकवून लांबी वाढवली. बोल्ट जागचा हलला नाही. मीच पोत्यासकट सरकत कुंडीपर्यंत गेलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सुटला तेव्हा मला इतके भरून आले की मी तो आईला नेऊन दाखवला.

लिव्हर काढण्याची एक गंमत आहे. तिच्या बुडाशी औषधाच्या बाटलीला असते तशी दाबून फिरवायची टोपी असते. लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून ती बाटली तशी करतात, आणि ज्येष्ठांनाही ती उघडता येत नाही, एवढे सांगून पुढे जातो.

डबा उतरवण्याचा दिवस मात्र पुढे जाण्यासारखा नव्हता. तांदळाचे वीस-बावीस किलोचे पोते छातीवर ठेवून घेणे अवघड नसते. ते पोते वरून, अंधारातून, तिरके होत आणि ऑइल गाळत येते तेव्हा अवघड असते. ऑइल मी आधीच काढले होते. परंतु असल्या डब्यांची एक रीत असते की काढल्यावरही पेलाभर ऑइल ते पोटात राखून ठेवतात आणि कलते होताच ते खालच्या मनुष्याच्या बाहीतून थेट काखेत सोडतात. या ऑइलला गंधकाचा वास असतो. तो साबणाने जात नाही, शिकेकाईने जात नाही, आणि पुढचे चार दिवस मी ज्या खोलीत शिरे त्या खोलीतून सौभाग्यवतीला काही ना काही काम आठवून बाहेर जावे लागे. डबा छातीवर आल्यावर दुसरी अडचण उभी राहिली: तो खाली ठेवायला हात रिकामे नव्हते आणि मला बाहेर पडायला छाती रिकामी नव्हती. त्या स्थितीत, डाव्या डोळ्याने आभाळाचा तुकडा पाहत, मी सुमारे दहा मिनिटे पडून होतो. मेहुणा चहा घ्यायला आत गेला होता.

नवा डबा चढवताना सुभेदारसाहेबांनी माझे काही ऐकले नाही. गाडीच्या तळाला जिथून लिव्हर वर येते ते भोक असते. त्यातून त्यांनी दोर खाली सोडला, तो डब्याला बांधला आणि वर गाडीत आडव्या टाकलेल्या वाशावरून ओढून विहिरीतून पोहरा काढावा तसा डबा इंचाइंचाने वर घेतला. मी खालून फक्त बैठकांची भोके जुळवायची होती. दोन जुळली. तिसरीला केसभर अंतर असताना वळवाचा पाऊस आला. आमच्या अंगणाचा उतार फाटकाकडे आहे हे मागे सांगितलेच आहे. सगळे पाणी माझ्या मानेपासून टाचेकडे शिस्तीत वाहू लागले. डबा सोडता येत नव्हता, दोर सोडता येत नव्हता. सौभाग्यवती छत्री घेऊन धावत आली आणि गाडीबाहेर राहिलेल्या माझ्या पायांवर ती धरून उभी राहिली. ओले झालेले सगळे भाग गाडीच्या आत होते, पण तिच्या भावनेचा मान राखून मी तसे बोललो नाही.

उरलेले काम दोन दिवसांत झाले. शाफ्टच्या जोडांवर सोडवण्याआधीच रंगाच्या खुणा करून ठेवल्या होत्या, त्यामुळे जे जसे होते तसेच बसले. एका शाफ्टचे दोन तुकडे मी चुकून वेगळे केले होते, त्यांचे क्रॉस एका रेषेत आणले नाहीत तर गाडी थरथरते, तेही सुभेदारसाहेबांनी एका नजरेत पाहिले. केबल लागली, वायर लागली, ताजे ऑइल भरणाच्या भोकातून ओघळेपर्यंत भरले. आईने डब्याला हळदीकुंकू लावायचे म्हटले. ते शक्य नसल्यामुळे बॉनेटवर भागवले.

यवतेश्वरच्या घाटात गाडी अशी चढली की मला स्वतःचा अभिमान वाटला. दुसऱ्या गिअरमध्ये जिथे ती पूर्वी धापा टाकत असे, तिथे ती गुणगुणत गेली. लिव्हर जागच्या जागी राहिली. मी मेहुण्याला क्षमा केली. मग उतरून पुणे-बंगळूर महामार्गावर आलो आणि काटा 60 वर गेला, तेव्हा इंजिन असे किंचाळू लागले की सौभाग्यवती म्हणाली, “अहो, वरचा गिअर टाका.”

“वरचाच आहे.”

“मग त्याच्या वरचा टाका.”

घरी आलो तेव्हा सुभेदारसाहेब फाटकात उभे होते. त्यांनी आवाज लांबूनच ऐकला असावा, कारण त्यांच्या हातात खडू होता. मागचा आस घोड्यांवर घेतला, आखूड शाफ्टवर आणि मागच्या शाफ्टवर एकेक रेघ मारली, एक चाक धरून ठेवले आणि दुसरे हाताने फिरवून फेरे मोजले. किंगच्या डब्याचे ‘हाय’मधले गुणोत्तर 1.409 असते, मागच्या शाफ्टच्या 10 फेऱ्यांना आखूड शाफ्टचे 14 फेरे व्हायला हवे होते. झाले 15, आणि वर पाऊण फेऱ्याहून थोडा अधिक. मी पुन्हा मोजले. मग मेहुण्याकडून मोजून घेतले, कारण त्याचे गणित कच्चे आहे आणि मला आशा होती. त्याचेही तेवढेच आले.

1.580. हे 1985 साली आलेल्या पहिल्या, 970 सीसीच्या जिप्सीचे गुणोत्तर. खोके किंगचे होते, पोटातली चाके तिच्या थोरल्या बहिणीची होती. म्हणजे माझी गाडी 60 च्या वेगाने जाताना इंजिन पूर्वीच्या 67 च्या वेगाएवढे राबत होते. “सर, लो मध्ये आता 2.268 च्या जागी 2.511 मिळेल,” सुभेदारसाहेब म्हणाले, “चिखलात हिला कोणी अडवणार नाही.” हे त्यांनी सांत्वन म्हणून सांगितले, आणि ते खरेही होते. मृग दोन दिवसांवर आला होता. डबा पुन्हा उतरवण्याविषयी कोणी बोलले नाही. सौभाग्यवतीने दोर कपडे वाळत घालायला बांधून टाकला होता.

पहिल्या पावसात शेतावर गेलो. पायवाट विरघळली होती आणि तीत एका पाहुण्याची नवीकोरी, उंच, चारचाकी ओढीची गाडी बुडापर्यंत रुतून उभी होती. जिप्सी ‘फोर लो’मध्ये तिच्या शेजारून म्हशीच्या चालीने वर चढून गेली, पुन्हा खाली आली आणि दोर बांधून तिला बाहेर ओढून घेऊन गेली. शाळेचा निकाल शंभर टक्के लागल्यावरही मला एवढे बरे वाटले नव्हते.

परतताना मेढ्याच्या रस्त्यावर मी 50 च्या पुढे जात नव्हतो. मागून दुधाचा टेम्पो आला, हॉर्न वाजवत शेजारी आला, आणि चालकाने खिडकीतून डोके बाहेर काढून मला ओळखले. माझाच विद्यार्थी; नववीत दातेरी चाकांच्या गणितात त्याला मी दोनदा वर्गाबाहेर उभे केले होते. इंजिनाच्या आवाजावर मात करत तो प्रेमाने ओरडला, “सर, गिअर बदला, गिअर!”

मी हात वर करून नमस्कार केला आणि त्याला पुढे जाऊ दिले.